आजीचं उत्तर दोन मिनिटांत

घोलवड, २२ सप्टेंबर २०१९

तुझ्या कंपनीला मी वर्षाकडून तीनदा लिहवलं, की त्या अ‍ॅपवरचं माझं नाव आणि माझा फोटो काढा. तीनदा उत्तर आलं, आणि तीनही वेळा ते मीच दिलं होतं. ‘ताई, तुमची अडचण समजली, काळजी करू नका, तुमचीच रंभाआजी.’ बाजूला मी हिरवं लुगडं नेसून हसतेय. माझ्या तक्रारीला मीच गोड बोलून वाटेला लावते, हे बघायला देवाने मला एवढी वर्षं ठेवली होती.

प्रिय जतीन, आशीर्वाद. ते आधी लिहायचे असतात हे चौथी नापास बाईलाही कळतं. आज राग पुढे आला. अक्षर वाकडं आहे, कारण या वेळी वर्षाला लिहायला बसवलेलं नाही. तुझी बहीण माझे शब्द घासून गुळगुळीत करते.

तुला आठवतं का बघ. २०१४ साली चिकूची फुलं गळत होती आणि तू पुण्याची नोकरी सोडून घरी बसला होतास. लोक म्हणायचे, रंभाआजीचा नातू माश्या मारायला परत आलाय. तू मोबाइलवर घोलवड-बोर्डीच्या चाळीस वाडीवाल्यांना गोळा केलंस. कोणी आजारी झाडाचा फोटो टाकला की तू ओट्यावर येऊन मला दाखवायचास. मी कधी सरळ उत्तर दिलं नाही. आधी विचारायचे, मुळाशी हात घातलास का? मातीला वास येतो का? पावसाचं पाणी कुठून येतं, कुठे थांबतं? माणूस चिडायचा, पण जाऊन खणायचा, आणि निम्म्या वेळा उत्तर त्यालाच सापडायचं. उंबरगावच्या एकाला मी चार दिवस लटकत ठेवलं. पाचव्या दिवशी तो स्वतःच आला, माझी अक्कल काढली, चहा प्यायला आणि जाऊन दोनशे माणसं जोडून दिली. त्या ओट्यावरूनच तू अ‍ॅपचं नाव ठेवलंस, ‘ओटा’.

मग गुजरातेतून, कोकणातून, पार नाशिककडून लोक आले. आकडा लाखाच्या वर गेला तेव्हा तू सांगत सुटला होतास आणि मला लाखावर किती शून्यं तेही नीट कळत नव्हतं. मग पैसेवाले आले. बूट काढून ओट्यावर बसले, चिकू खाल्ले आणि बिया कुठे टाकायच्या ते विचारलं. त्यांना आजी आवडली. आजी उशीर लावते ते आवडलं नाही. उत्तर दोन मिनिटांत हवं, आणि उत्तराखाली विकायला खताची एक पिशवी हवी. माझ्या नावाने, माझ्या फोटोने कंपनीने उत्तरं द्यायची, असा कागद तू आणलास. म्हणालास, आजी, तू गेलीस तरी लोक तुलाच विचारतील. मी सही केली. तुझ्या एकट्याच्या माथी मारत नाही, मलाच हाव सुटली होती. मरून उरायची हाव. गेल्या वर्षी कंपनीचं नाव शेअरबाजारात लागलं, त्या दिवशी तू मला मुंबईला नेलंस आणि माझा हात धरून घंटा वाजवलीस. सुटाबुटातल्या लोकांनी टाळ्या पिटल्या. येताना चारोटीला वडा खायला उतरलो आणि अर्ध्या वड्यात तुझा फोन वाजला. तो फोन अजून चालूच आहे असं मी धरून चालते.

तानी तुला आठवत असेल. सोळा वर्षं आपल्या वाडीत चिकू उतरवले तिने, तुला झाडावर चढायलाही तिनेच शिकवलं. तलासरीच्या पलीकडे तिचा पाडा. मी तिला खिरणीच्या खुंटावर बांधलेली चिकूची तीस कलमं दिली होती. भाताच्या शेताखाली जेवढा तुकडा होता तेवढ्यात तिने आणि तिच्या नवऱ्याने, बारक्याने, ती लावली. उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणून जगवली. चार वर्षांपूर्वी पहिला चिकू मला आणून दिला, स्वतः चाखलाही नव्हता. मग पोरगी शिकली, घरात मोबाइल आला. आणि मी या तोंडाने तानीला सांगितलं, माझा फोटो दिसला की डोळे मिटून ऐक, ती मीच.

या पावसात पानं पिवळी पडली. तिने विचारलं. दोन मिनिटांत आजी म्हणाली, झाड उपाशी आहे, ही पिशवी टाक. टाकली. पुन्हा विचारलं, पुन्हा पिशवी. अरे, झाडं उपाशी नव्हती, बुडत होती. भाताचं पाणी उतरून मुळांत बसलं होतं. झाडं कुठे लावलीस, एवढं कोणी विचारलं असतं तर कुदळीच्या कामावर भागलं असतं. तिसातली एकवीस गेली. बारक्या दिवाळीनंतर सगळ्यांना घेऊन वीटभट्टीवर जायचं म्हणतोय, म्हणजे पोरीची शाळा संपली. तानी ओट्यावर येऊन बसली, तेव्हा मला वाटलं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, आजी, तुम्ही सांगितलं तसंच केलं, माझाच हात वाईट असेल.

म्हणून गेल्या सोमवारी मी बसने तलासरीला गेले, तिथून जीपने आणि पुढे चिखलातून. उरलेल्या नऊ झाडांच्या मुळाशी हात घातला. मातीला सडक्या अंड्याचा वास. मी म्हटलं, पाणी काढायला आजच चर खण, पिशवी बंद. ती हो म्हणाली. मग पदराला हात पुसून तिने पोरीला मोबाइल काढायला लावला आणि माझ्यासमोर मला विचारलं. मला म्हणजे त्या हसऱ्या बाईला. दोन मिनिटं आम्ही उभ्या होतो, मीसुद्धा, माझं उत्तर काय येतंय ते बघत. आणखी एक पिशवी, असं आलं. तानी कसनुसं हसली. म्हणाली, आजी, तुमचं आता वय झालं. मी निघाले तोवर चर खणलेला नव्हता. वर्षा म्हणते, कंपनीत जतीनदादाचंही आता फार चालत नाही, फोटो निघायचा नाही. नसेल निघत. नऊ झाडंही बहुतेक राहायची नाहीत, तू पोचेस्तोवर तीन-चार जातीलच. तरी जा. तिच्या पाड्यावर जाऊन आधी मुळाशी हात घाल आणि मग तिला सांग की ती बाई मी नव्हे. मला पत्र नको, फोन नको, ऑफिसकडून तर काहीच नको. उत्तर तानीला द्यायचं, आणि ते तू द्यायचं, तुझ्या तोंडाने.

तुझीच, फोटोबाहेरची,
रंभाआजी