पिकअप, तिचा मागचा ॲक्सल आणि माझी बाकीची मालमत्ता

रविवार, दिनांक ११ फेब्रुवारी २०२४, सकाळी ६ वाजून ४० मिनिटे. हे लिहायला बसण्यापूर्वी मी पिकअपच्या मागच्या उजव्या चाकाचे सहा नट तिसऱ्यांदा कसून पाहत होतो. सहाही घट्ट आहेत.

मी, खाली सही करणार, वय वर्षे २४, शिक्षण नववी (परीक्षा दिली नाही), धंदा गाडीदुरुस्ती, लहानपणापासून मामा-मामींकडे राहणार, हे सर्व स्वतःच्या अक्षरात लिहितो. माझे डोके ठिकाणावर आहे. झोप पुरी झाली आहे. लिहिण्यासाठी कोणी धाक घातलेला नाही. उलट मामी म्हणाली, "सकाळी सकाळी हे काय अभद्र काढलंस?" तरीही लिहितो.

कारण असे. आज नऊ वाजता या गाडीत लाद्यांच्या चाळीस पेट्या, म्हणजे एक टन वजन, भरून टेकडीपलीकडच्या बांधकामावर जायचे आहे. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या उतारावर याच गाडीचे मागचे उजवे चाक दांड्यासकट बाहेर आले. मामा गाडी चालवत होते. त्यांच्या मांडीचे आणि कमरेचे हाड मोडले. तेव्हापासून ते काठीने चालतात व गाडीत बसलेले नाहीत. आता मी मागचा अख्खा ॲक्सल माझ्या हाताने बदलला आहे आणि आज तो पहिल्यांदा पूर्ण वजन घेणार आहे. ~~मी एकटाच जाणार आहे.~~ सुखरूप परत आलो तर हा कागद फाडावा.

१. गाडी. ती मामांच्या नावावर आहे, म्हणून ती मला देता येत नाही. पण ॲक्सल माझ्या कमाईतला आहे, तो मामांना द्यावा. त्यासोबत या सूचना. जुन्या ॲक्सलमध्ये चाक दांड्यावरच बसलेले असे. दांडा निसटला की चाकही गेले. नवा ॲक्सल मोठ्या मालगाडीचा आहे. त्यात चाक बाहेरच्या नळीवर दोन बेअरिंगांनी धरलेले असते आणि दांडा फक्त ते फिरवतो. दांडा तुटला तरी चाक जागेवर राहते. मागच्या चाकाला आता सहा नट आहेत आणि पुढच्याला पूर्वीसारखे पाचच, म्हणून स्टेपन्या दोन ठेवाव्यात. कसलेल्या प्रत्येक नटावर मी पांढरी रेघ ओढली आहे. रेघ तुटलेली दिसली तर नट सरकला आहे असे समजावे. आणि कोणी विचारले तर हेही सांगावे की ॲक्सलवरच्या स्प्रिंगपाट्यांच्या बैठका मी आधी गाडी लोखंडी स्टँडवर उचललेली असतानाच वेल्डिंग करून टाकल्या होत्या. मामा खुर्चीतून म्हणाले, "वजन चाकांवर नाही आणि तू कोन मापतोस? हवेत उभ्या माणसाचा पायजमा शिवण्यासारखं आहे हे." त्या कापून पुन्हा केल्या. दोन दिवस गेले.

२. हत्यारे. मोजून कसायचा मोठा पाना मामांना. बाकी पाने, दोन जॅक व हातदिवा लेथवाल्याला. त्याने इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा प्रोपेलर शाफ्ट छोटा करून देताना अर्धे पैसे नंतर दे म्हटले आणि एकदाही आठवण केली नाही. शेजारच्या शिंपीकाकांना काही देता येत नाही, कारण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही दिलेले चालत नाही. म्हणून त्यांच्या मशीनचा पट्टा मी कालच बदलून दिला.

३. बचत. पोस्टात १८,२०० आहेत. ते मामीला, फक्त चष्म्यासाठी. "मला दिसतं," असे ती म्हणेल. तिला दिसत नाही. मागच्या महिन्यात तिने ग्रीसच्या डब्यात चमचा घातला होता. उरलेल्या पैशांचे तिने काय करावे हे मी सांगणार नाही, पण तिच्या भाच्यांच्या लग्नात वाटू नयेत.

४. भंगारवाल्याला दोन दात. त्याने हा ॲक्सल विकताना सांगितले, "एका हातची गाडी, मालक रोज पुसायचा." घरी उघडला तर आतल्या मोठ्या दातेरी चक्राचे दोन दात तुटून तेलात पडलेले होते. तीन चकरा मारल्यावर त्याने चक्र बदलून दिले, तेही माझ्यावर उपकार केल्यासारखे. ते दोन दात मी काचेच्या बाटलीत ठेवले आहेत. बाटली त्याच्या टेबलावर, गिऱ्हाईक बसलेले असताना ठेवावी. काही बोलू नये.

५. हे कलम माझ्या पश्चातच वाचावे. अपघाताच्या तीन महिने आधी त्या उजव्या चाकाचे बेअरिंग मी बदलले होते. बेअरिंग दांड्यावर धरून ठेवायला एक लोखंडी कडी असते. ती तापवून चढवायची आणि गार झाली की ती आवळते. ती एकदाच वापरायची असते. दुसऱ्यांदा तिची पकड राहत नाही. मला हे माहीत होते. नवी आणायला गेलो तर दुकान बंद होते, आणि गाडी दुसऱ्या दिवशी लागणार होती. जुनी कडी अखंड दिसत होती, म्हणून तीच पुन्हा चढवली. मामांनी विचारले, "नवी टाकलीस ना?" मी "हो" म्हणालो. चाक बाहेर आले ते त्या कडीमुळे. दवाखान्यात मामा मला म्हणाले, "तू जेवलास का?" तेव्हा सांगायला हवे होते. त्यानंतर रोज सांगायला हवे होते. त्यांना उभे करणे माझ्या हातात नाही. एका माणसाच्या खोट्या "हो"वर चाक टांगलेले राहणार नाही असा ॲक्सल बसवणे एवढेच माझ्या हातात होते.

येथपर्यंत लिहून झाले तेव्हा ७ वाजून ५० मिनिटे झाली होती. पुढे जे बोलणे झाले ते जसेच्या तसे नोंदवतो, कारण त्यामुळे वरच्या मजकुरात बदल करावा लागला.

मामा काठी टेकत शेडमध्ये आले. "काय रे तपासनीसा, एवढी पानं कसली?"

"मृत्युपत्र."

"कुणाचं?"

"माझं."

"असं होय. मला वाटलं माझंच उरकून टाकतोस. वाच, मला काय मिळतंय बघू."

मी चौथ्या कलमापर्यंत वाचले. बाटलीपाशी ते हसले. मग मी पान दुमडले.

"पाचवं?"

"ते नंतर वाचायचं आहे."

"नंतर म्हणजे तू गेल्यावर? आणि मी काय इथं तुझी वाट बघत बसू? आण इकडं."

त्यांनी उभ्यानेच वाचले. पुन्हा एकदा वाचले. मग लाद्यांच्या पेटीवर बसले. ते चाकाकडे बघत होते. मी नटांवरच्या रेघा मोजत होतो.

"त्या दिवशी गाडीत वजन किती होतं," मामा म्हणाले, "विचारलंस कधी?"

"एक टन."

"दीड. वीस पेट्या मी जास्तीच्या टाकल्या, दुसरी खेप वाचवायला. आणि उताराला गाडी न्यूट्रलवर सोडली, डिझेल वाचवायला. वेग धरला तिनं. हे मी कुणाला बोललो नाही. हिलाही नाही."

"हिला आता ऐकू आलं," मामी खिडकीतून म्हणाली. "डोळे गेलेत म्हणे माझे, कान आहेत अजून."

मी म्हणालो, "कडी नवी असती तर दीड टनाखालीही चाक राहिलं असतं."

"आणि टनच असता तर जुनी कडीही टिकली असती. असती, नसती! कोर्ट भरवायचंय का इथं?"

"दोन वर्षं दोघं एकेका कोपऱ्यात ओझं घेऊन बसलात," मामी म्हणाली. "आता अर्धं अर्धं वाटून घ्या आणि चहा प्या. गार झालाय." खिडकी तिने लावून घेतली आणि लगेच पुन्हा उघडली.

मी मामांना म्हणालो, "मामा, निघण्याआधी तुम्ही एकदा गाडीखाली बघता का? हातदिवा धरतो."

"नाही बघणार."

"का?"

"मी बघितलं की तू माझ्या बघण्यावर गाडी चालवशील. तुझ्या कामावर चालव."

मग ते उठले, गाडीच्या डाव्या दारापाशी गेले, आधी काठी आत टाकली, मग दोन्ही हातांनी मांडी उचलून पाय आत घेतला आणि बसले.

"मामा, मी एकटा जाणार आहे. वर तसं लिहिलंय."

"मग खोड."

६. सबब पहिल्या पानावरील "मी एकटाच जाणार आहे" हे वाक्य मी खोडले आहे. गाडीत आम्ही दोघे असू. आम्हा दोघांचेही बरेवाईट झाल्यास सर्व काही मामीला. तिला हे वाचून दाखवले. ती म्हणाली, "मला काही नको. जेवायला दोघं घरी या." हे तिचे म्हणणे मी कलम म्हणूनच येथे घालत आहे.

ठिकाण : घरासमोरील शेड
वेळ : सकाळी ८ वाजून ३५ मिनिटे
लिहून देणार : (सही)

आमच्यासमोर सही झाली :
१) शेजारचे शिंपीकाका (सही)
२) वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शाळाबाई (सही)

हिशेब, आजपर्यंतचा

खर्च झाला :
ॲक्सल, चाकांच्या बैठकीसह : ३१,०००
बेअरिंग व सील : ६,४००
प्रोपेलर शाफ्ट छोटा करणे : ४,५००
पाट्यांच्या बैठका, वेल्डिंग दोनदा : ३,८००
ब्रेकचे पाइप, तेल : २,९५०
यू-बोल्ट : १,६००
एकूण : ५०,२५०

देणे :
लेथवाला : २,२५० (वरील शाफ्टच्या रकमेतले)
मामांच्या दवाखान्याचा खर्च, सर्व मी मामांना देणे : ~~८६,४००~~

शेवटच्या ओळीवरील खोडाखोड मामांच्या हातची आहे. त्यांनी कागद खिडकीतून गाडीत मागून घेतला आणि मांडीवर ठेवून रेघ मारली. मी ती मान्य करायला तयार नव्हतो. मामा गाडीत बसून सारखा हॉर्न वाजवत आहेत, सबब मान्य. (सही)