गरम बोनेट

मंगळवार, दिवेलागण

विकत घ्यायला म्हणून दोन जुने ट्रॅक्टर पाहून आलो आणि डोकं भणाणून गेलंय. कनेरगाव नाक्याच्या ट्रॅक्टरचा रंग उडालेला, सीट फाटलेली, पण थंडगार इंजिन पहिल्याच चावीला सुरू झालं. दुसरा बाळापूरला, आमच्या रेखाच्या सासऱ्यांचा. टायर नवे, रंग नवा. व्याह्यांकडं न कळवता कसं जायचं, म्हणून निघताना फोन केला होता. यांनी तर बघताक्षणी मान डोलावली.

घरात यायची लक्ष्मी म्हणून मी पाया पडायला गेले, बोनेटला हात लावला, तर चटका बसला.

"आज चालवला का?" मी विचारलं.

"न्हाई हो विहीणबाई, पोळ्यापासून हातबी लावला न्हाई," असं म्हणून व्याह्यांनी चहा मागवला.

मग बोनेट काहून गरम? ट्रॅक्टर तर लिंबाच्या सावलीत उभा होता. थंड इंजिन लवकर सुरू होत नसणार, म्हणून आम्ही पोचायच्या आधीच त्यांनी तापवून ठेवलं. आणि खोटं बोलले, तेही हसत.

हे म्हणतात, "नात्यात इतकं तपासतेत व्हय?" नको म्हणावं तर टोमणे रेखाला. हो म्हणावं तर हरभऱ्याच्या पेरणीत धक्के मारायला कोण? बोनेट गरम होतं, एवढंच डोक्यात घोळतंय.

आत्ता रेखाचा फोन आला. मी तिला काहीच बोलले नव्हते. अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, अजून एकदा पाहून जा. पण येण्याआधी फोन करू नको."