टीव्हीवरचं फडकं

सासूबाई, अपा,

बोरसोक, कणकेचे तुकडे, तळून ठेवलेत. आज गुरुवार, गेलेल्यांना तळणीचा वास पोचवायचा दिवस, उलानपर्यंत पोचायला हवा म्हणून खिडकी उघडी ठेवली होती. आता तेवढी लावून घ्या. भेटायला आलेल्या बायकांनी सून कुठे म्हणून विचारलं, तर माहेरी गेली म्हणा. बोलायचं ते बोलतीलच.

मी बाजारापाशीच्या हॉटेलात आहे. उद्या सकाळच्या चहाला येते. चाळीस दिवस पुरे होईपर्यंत टीव्ही लावायचा नाही म्हणालात, नाही लावणार. फडकं तसंच आहे. मी टीव्ही लावला का म्हणून रोज उचलून बघता, तसं आज बघायला नको.

उलानच्या बॅगेतली मालिका बघायची स्टिक नेली आहे, दौऱ्यावर असला की हॉटेलच्या टीव्हीला मागून लावायचा ती. तो तिथे खोलीत आणि मी घरी फोनवर, एकच मालिका एकाच वेळी बघायचो. तुम्हाला वाटायचं, ही रात्रीची एकटीच काय हसते. नारिनच्या हॉटेलातून त्याने शेवटचा फोन केला तेव्हा दोन भाग उरले होते. मला झोप येत होती. "झोप गं," म्हणाला, "तुझ्याशिवाय पुढे बघत नाही." पहाटे निघाला आणि खिंडीत गाडी घसरली.

त्याचं खातं वेगळं, माझ्या फोनवर दिसत नाही. इथल्या टीव्हीला स्टिक लावली की तो कुठल्या भागावर थांबला ते कळेल.

तेवढ्यापुरता त्याने शब्द मोडला असेल, शेवट बघून टाकला असेल, तर बरं.

गुलसाना