शिंग मोडलेली म्हैस

मेढा,
१२ जानेवारी २०२५

ती. अण्णांना
ज्ञानदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

खोकला कमी झाला का? आईनं पाठवलेला तिळगूळ पोचला. इकडे थंडी मरणाची आहे. फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून पत्र.

मुख्याध्यापकांची माफी माग, म्हणालात. मागणार नाही. त्यांचं ऐकलंत, आता माझं ऐका.

सातवीतल्या शिवांजलीनं चित्रात घरची म्हैस काढली होती. घराएवढी मोठी, एक शिंग मोडलेलं. स्नेहसंमेलनातलं प्रदर्शन बघायला शिक्षण खात्याचे साहेब येणार, म्हणून मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, पोरांच्या चित्रांवरनं जरा हात फिरवा की."

मी नाही म्हटलं. मुलांच्या कागदाला मी माझी पेन्सिल लावत नाही. अडलं तर विचारते, पुन्हा नीट बघून ये म्हणते. रेघ मात्र ज्याची त्यानंच मारायची. एवढंच मला शिकवता येतं. मग त्यांनी माझ्या माघारी कराडहून पाट्या रंगवणारा पेंटर आणला. त्या बिचाऱ्यानं, त्याला सांगितलं तसं, सगळं गोंडस करून टाकलं.

प्रदर्शनाला शिवांजली आजीला घेऊन आली. स्वतःचं नाव लिहिलेल्या चित्रासमोर उभी राहिली आणि मला विचारते, "बाई, माझं कुठं लावलंय वं?"

"आगं, हे काय, तुजंच नाव हाय की!" आजी म्हणाली.

"नाव हाय गं. म्हस आपली न्हाई."

साहेबांच्या देखत मी ते चित्र भिंतीवरून उतरवलं. मग बाकीचीही उतरवली. हा माझा गुन्हा. माफीनामा दिला नाही तर नोकरी जाईल, असं संस्थेनं कळवलंय. जाऊ दे. शिवांजली माझ्या ओट्यावर बसून म्हैस पुन्हा काढते आहे.

तुम्ही म्हणालात, "मी जन्मभर मुलांच्या चित्रांवर हात फिरवला, कुणाचं काय बिघडलं?"

माझं बिघडलं, अण्णा.

आपल्या पुढच्या खोलीत कृष्णेच्या घाटाचं चित्र आहे ना, मी पाचवीत असताना जिल्ह्यात पहिलं आलेलं? माझ्या घाटावर आईची हिरवी साडी वाळत होती, पार पाण्यात लोंबत होती. तुम्ही ती पुसलीत आणि तिथं आयर्विन पूल काढलात. मी हसत हसत बक्षीस घेतलं. शिवांजलीनं विचारलं, ते मला तेव्हा विचारता आलं नाही. पुढे परीक्षांपुरती चित्रं काढली, पण मनापासून एकही नाही. त्याचा राग मला आजही येतो, आणि तो मी गिळणार नाही.

येणाऱ्याजाणाऱ्याला तुम्ही ते चित्र कौतुकानं दाखवता. उतरवू नका. पूल खरंच सुरेख आहे. फक्त खालचं माझं नाव पुसा आणि तिथं तुमचं लिहा.

आईला नमस्कार.

तुमच्यावर रागावलेली, तरी तुमचीच,
ज्ञानदा