मी रचलेला मनोरा

३ मे
संपादकांचा फोन. डोंगरातल्या प्रवासावर काहीतरी हसवणारं लिहा, जमलं तर दर रविवारी तुमचाच कॉलम. 'जमलं तर' हे उगाच. उभं आयुष्य विमा कंपनीत लोकांचे क्लेम नाकारण्यात गेलं. माणसांच्या मूर्खपणाचा माझ्याइतका अभ्यास कुणाचा असणार? ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं, साहेबांनासुद्धा. आता कॉलम मिळाला नाही तर तोंड दाखवायला जागा नाही. पण मिळणारच.

बायको म्हणाली, मीही येते. म्हटलं ये, बॅग उचलायला कुणीतरी लागेलच.

१० मे, डोंगरातलं लॉज
खोली कोंदट, पलंग करकरतो, खिडकीतून नुसते डोंगर. सोबतीला एक दातांचे डॉक्टर. जेवताना दाढांवर बोलत होते. गाईड म्हणजे एक बाई, बोलणं कमी आणि चालणं फार. तिने बजावलं, वाटेवर दगडावर दगड रचलेले मनोरे दिसतील, धुक्यात तेवढाच आधार, त्यांच्याशी खेळू नका आणि नवे रचू नका. जसं काही मी शाळेच्या सहलीलाच आलोय!

११ मे
चढ. दमलो अजिबात नाही, निरीक्षणासाठी थांबत होतो. विनोदाला एक माणूस मिळेल तर शपथ! सगळे आपले मुकाट चालणारे ठोंबे.

दुपारी बाकीचे जेवायला बसले तेव्हा वाटेपासून आत, कड्याच्या टोकाशी जाऊन बसलो. मोजे काढले, वारा घेतला. इथे एक लेखक बसला होता याची खूण हवी, म्हणून मनोरा रचला. कमरेएवढा. खाली रुंद, वर निमुळता, शेंड्याला पांढरा दगड. गाईडबाईंचे मनोरे त्याच्यापुढे निव्वळ भातुकली. परतताना एकच मोजा सापडला. बायको वस्तू नीट ठेवत नाही.

१२ मे, संध्याकाळी
परतीला त्याच वाटेवर धुकं. डॉक्टरांचा चष्मा मागे राहिला. गाईड म्हणाली, मी आणते, तोवर जागचं हलू नका. हलू नका म्हणे! माणसात नेतृत्व असलं की ते गप्प बसत नाही. समोर अंधुक मनोरा दिसला. काय बांधणी! डॉक्टरांना म्हटलं, बघा, हा ज्याने रचला त्याला डोंगर कळतो, चला माझ्यामागून. बायको म्हणाली, अहो, वाट इकडे नाही वाटत. म्हटलं, तू गप्प बस.

मनोऱ्याला वळसा घालून पाय पुढे टाकला तर खाली जमीनच नाही. डॉक्टरांनी चष्मा नसतानाही मला कॉलरला धरून मागे खेचलं. कॉलर फाटली. असा धसमुसळा माणूस लोकांचे दात कसा काढत असेल!

मनोऱ्याच्या पायाशी एक तपकिरी मोजा होता. टाच रफू केलेली. बायकोने रफू ओळखलं. वाऱ्याने आला असेल.

गाईड आली. मनोरा मलाच उतरवायला लावला, एकेक दगड. हातांना व्यायाम झाला.

रात्री शेगडीभोवती बायकोने सगळ्यांना हेच सांगितलं. डॉक्टर डोळे पुसत होते. गाईडसुद्धा हसली. लोकांना काहीही चालतं! बायकोला गोष्ट सांगायची अक्कल नाही, जसं घडलं तसंच सांगते.

२० मे
लेख पाठवला. 'पर्वत आणि माणूस : एक चिंतन'. मनोऱ्याचं वगळलं, विषयाला धरून नव्हतं. संपादक पोट धरून हसतील.

२७ मे
पाय गरम पाण्यात घालून बसलो होतो तेव्हा फोन आला. बायकोने घेतला. प्रवास कसा झाला, असं त्यांनी सहज विचारलं असणार. ही सुरूच झाली. संपादकांचं हसणं मला बादलीपर्यंत ऐकू येत होतं.

मग फोन माझ्याकडे. म्हणाले, तुमचा लेख अभ्यासपूर्ण आहे, कॉलम वहिनींना देतोय. म्हटलं, तिला लिहिता येत नाही. म्हणाले, बोलतात तसंच लिहा म्हणून सांगितलंय.

पाणी गार झालं होतं. कुणी बदललं नाही.

३ जून, रविवार
छापून आलं. मोज्यासकट. सकाळीच साहेबांचा फोन. उचलून 'बोला साहेब' म्हणालो. ते म्हणाले, वहिनी आहेत का?

बायकोने विचारलं, पुढच्या महिन्यात कुठल्या डोंगरात जायचं? ठणकावून सांगितलं, मी येणार नाही. काही झालं तरी नाही.

ती म्हणाली, अहो, असं काय करता? तुम्ही नसलात तर मी लिहू काय?

दुपारी बूट धुऊन वाळत घातले.