पैलवानाची खोली

९ मार्च

ताईसाहेब,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. पत्राची सुरुवात अशीच करायची असते, म्हणून केली.

तुझे दोन्ही मेल मिळाले. "रुसलायस का? की पैलवानाला मारून बसलायस आणि सांगायला तोंड नाही?" रुसलो नाही, आणि पैलवानही जिवंत आहे. तळघराच्या अठराव्या मजल्यावर अडकलाय आणि पाळी माझी आहे, एवढंच. आई गेल्यापासून आपण दोघं संगणकावरच्या खेळातला हा एकच गडी आळीपाळीने खेळवतोय. एकदा मेला की कायमचा मेला, म्हणून जपून चालतोय.

उशिराचं कारण तांत्रिक आहे. दाजी म्हणतात ना, या काळ्या पडद्यावरच्या ठिपक्या-रेघांत तुम्ही भावंडं काय बघता म्हणून? तर ते ठिपके मला जरा बारीक वाटायला लागले. अक्षरं मोठी केली, तर नकाशा खिडकीत मावेना. उजवीकडचा अर्धा मजला पडद्याबाहेर. जाड ठशाचा फॉन्ट लावला, तर जमीन कुठली आणि खाली पडलेली वस्तू कुठली, काही कळेना. शेवटी एक सोय सापडली. पैलवान, म्हणजे आपला तो @, कायम मधोमध राहतो आणि नकाशा त्याच्याभोवती सरकतो. आता पडद्यावर जेमतेम एक खोली मावते. तिला दारं किती, ते चालत जाऊन चाचपायचं. मागे कोण उभं आहे, ते तो अंगावर आल्यावरच कळतं.

दुकानाला रंग देतोय, असं फोनवर म्हणालो होतो. रंगबिंग काही नाही. दुरुस्तीला आलेल्या एका मोबाइलला कथलाचा डाग देताना शेजारचा भाग जाळला. गिऱ्हाईक भला माणूस, "असू द्या, होतं," म्हणाला. मग दुसऱ्याचाही जाळला. तेव्हा शटर ओढलं ते ओढलंच.

तेव्हापासून घरात आहे. पलंग, स्वयंपाकघर, संगणक. किराणा शेजारच्या काकू आणून देतात; त्यांना सांगितलंय, पाय मुरगळलाय. आठवण राहिली तर मी लंगडतोसुद्धा. रोज दाराबाहेर जिन्यापर्यंत जातो. पायऱ्यांच्या कडा एकमेकींत मिसळतात आणि मी परत फिरतो.

आणखी एक गंमत. पडद्याकडे सरळ बघितलं की नेमका पैलवानच दिसत नाही. चारी बाजूंचे ठिपके दिसतात, तो उभा असतो तिथे करडा धब्बा. मान तिरकी केली की येतो बिचारा. माणसांचंही तसंच झालंय. काकूंचे केस दिसतात, कानातलं दिसतं, चेहरा नाही.

डॉक्टरीणबाईंना दाखवून आलो, तेव्हा जिना उतरता येत होता. "गेलं ते परत यायचं नाही," म्हणाल्या. "राहिलंय ते डोळ्यातल्या इंजेक्शनांनी टिकवता येईल, पण उशीर करू नका. येताना घरचं कुणीतरी घेऊन या." तिथेच माझं घोडं अडलं. घरचं म्हणजे तूच. आणि तुला सांगितलं की ते खरं होणार, असं काहीतरी डोक्यात बसलं. मी फार घाबरलोय गं, ताई.

आजवर खेळाची फाइल तुला पाठवण्याआधी मी अक्षरांचा आकार पूर्वीसारखा करून ठेवायचो, तुला कळू नये म्हणून. आज केलेला नाही. पाळी माझी होती, पण मी एकही चाल केली नाही. पैलवान होता तिथेच आहे. खेळ उघडलास की तुझ्याही पडद्यावर ती एकच खोली येईल. लगेच अक्षरं लहान करू नकोस. थोडं तसंच चालून बघ. मग इकडे यायला निघ.

दारात मी तुला ओळखलं नाही, तर मनाला लावून घेऊ नकोस. आधी हाक मार.

तुझा,
बुटक्या