समकक्ष पदवीचा रकाना

मंगळवार, दिवेलागण. घाटंजी.

पुतणी मुक्ता विद्यापीठात स्वतःची पदवी स्वतःच रचणार आहे: कोलामी भाषा, वनस्पती आणि कायदा एकत्र. मी तिला 'त्रिवेणी' म्हणून चिडवतो. आज हसू आलं नाही. अशी पदवी घेणाऱ्या पहिल्या मुलाची बातमी मीच आमच्या पेपरात दिली होती. दुपारी त्याचा फोन आला. त्याच्या पदवीशी जुळणारी दुसरी पदवीच नाही; नोकरीच्या अर्जात 'समकक्ष पदवी' हा रकाना कोरा राहिला, म्हणून तो बाद झाला. मुक्ताला लगेच सांगितलं.

"काका, तुमीच तं छापलं. आता कायले भेऊन राह्यले?"

उद्या ती प्रवेशअर्ज देणार. त्यातही तो रकाना आहे, कोराच. अशी पदवी चालते याचा पुरावा म्हणून माझ्या बातमीचं कात्रण जोडलंय. छापलेला शब्द प्रमाण मानणारं आमचं घराणं! दादाने, म्हणजे तिच्या वडिलांनी, अर्ज वाचलाच नाही. कात्रणावरचं माझं नाव पाहिलं आणि सही केली.